फोनवरचा इंटरव्ह्यू : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात शेवटी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की नोकरीच्या टेलिफोनिक राउंडची भीती वाटत असेल तर लिहा. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून पाच निवडलीयेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पुण्यात १६ वर्षं भरतीचंच काम केलंय, म्हणजे फोनच्या पलीकडे जी बाई प्रश्न विचारत असते ना, ती मी असायचे, दिवसाला पंचवीस-तीस कॉल. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, मी बार्शीची. बीकॉम झालंय, दोन वर्षं इथल्याच एका सीएंच्या ऑफिसात टॅली आणि जीएसटीचं काम करते. पुण्याच्या एका कंपनीतून अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी फोन आला, वेळ आधी ठरली होती, तयारी पण केली होती. त्या मॅडमनी इंग्लिशमधे सुरुवात केली आणि जीएसटीचं टूए आणि टूबी (सप्लायरने भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी दोन स्टेटमेंट) यातला फरक विचारला. मी हे रोज बघते! तरी तोंडातून शब्दच फुटेना. त्या दोनदा हॅलो हॅलो म्हणाल्या, मी 'येस मॅम' म्हणाले आणि परत गप्प. मागे कुकरच्या शिट्ट्या, आजीची मालिका. आठ मिनिटांत कॉल संपला, नंतर रडूच आलं. समोर बसले असते तर जमलं असतं असं सारखं वाटतंय. आता गुरुवारी दुसऱ्या कंपनीचा कॉल आहे.

उत्तर : तुझं म्हणणं बरोबर आहे गं, समोर असतीस तर जमलं असतं. कारण समोर बसून आपण विचार करत असलो तर ते दिसतं, आपण वर बघतो, मान हलवतो, पेन फिरवतो, आणि समोरचा माणूस थांबतो. फोनवर यातलं काहीच पोचत नाही, पोचते फक्त शांतता. २००९ साली जपानी, डॅनिश वगैरे धरून दहा भाषांमधल्या साध्या गप्पांचा अभ्यास झाला होता, त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी २०० मिलिसेकंद जातात असं निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आपल्या कानाला एवढीच सवय असते. मग तू तीन-चार सेकंद गप्प बसलीस की पलीकडच्या बाईला ते फार लांब वाटतं, त्यात नेटवर्कमुळे आवाज जरा उशिरा पोचतो ते वेगळंच. त्या मॅडम हॅलो हॅलो करत होत्या ना, त्या चिडल्या नसणार, बहुतेक त्यांना कॉल कटला असं वाटलं असेल, मी स्वतः हे किती वेळा केलंय. आणि तुला वाटलं की झालं, आता आपलं गेलं, आणि मग खरंच गेलं.

म्हणून फोनसाठी माझं एकच सांगणं असतं, जे एरवी चेहऱ्यावर दिसलं असतं ते तोंडाने बोलायचं. विचार करतेयस? मग म्हण, 'वन मिनिट मॅम, जरा विचार करून सांगते.' प्रश्न कळला नाही? 'मॅम, तुम्हाला रिटर्न भरतानाचा फरक विचारायचाय की क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतानाचा?' लिहून घेतेयस? 'मी लिहून घेतेय, एक सेकंद.' ही तीन वाक्यं इंग्लिशमधे करून ठेव आणि चालता बोलता इतकी म्हण की ती विचार न करता आली पाहिजेत. 'वन मिनिट' म्हटलंस की दहा सेकंद मिळाले, आणि टूबी आठवायला तुला दहा सेकंद भरपूर झाले.

आता इंग्लिशचं. अकाउंट्सच्या कामाला बाई बघते ती कामाची समज. एखादी मुलगी मला म्हणायची 'मॅम, हा भाग मी मराठीत सांगू का', तर मी नेहमी हो म्हटलंय, आणि तिथून पुढे ती खुलायची. अमराठी माणूस असेल तर हिंदीत विचार. फक्त कस्टमरशी इंग्लिशमधे बोलायचंच काम असेल, व्हॉइस प्रोसेस म्हणतात ते, तर तिथे भाषा हीच परीक्षा असते, तिथे असं मागून चालणार नाही. तुझ्या कामाला चालेल. आणि इंग्लिशमधेच उत्तर द्यायचं असेल तर छोट्या वाक्यांत दे. टूए सप्लायर भरेल तसं बदलत राहतं, टूबी महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं, आणि आम्ही क्रेडिट टूबी बघून घेतो. संपलं उत्तर. याच्यापुढे 'गेल्या महिन्यात एका दुकानदाराचं बिल टूबीमधे दिसतच नव्हतं, मग मी सप्लायरला फोन करून भरायला लावलं' असं तुझ्या टेबलावरचं काहीतरी खरं घडलेलं जोड. हे जे आहे ना, ते कुठल्याच गाइडमधे नसतं, आणि आम्ही ऐकायला तेच थांबलेलो असतो.

फोनचा एक मोठा फायदा पण आहे, त्यांना दिसत नाही म्हणजे तुझ्यासमोर कागद ठेवलेला पण दिसत नाही. एकच कागद, मोठ्या अक्षरात. त्यावर कंपनीचं नाव, त्या बाईंचं नाव, किती क्लायंटचे रिटर्न बघतेस तो आकडा, दोन खरे प्रसंग, आणि तुला विचारायचे दोन प्रश्न. पूर्ण उत्तरं लिहू नकोस, वाचलेलं लगेच ऐकू येतं, आवाज सपाट होतो आणि पानाचा फरफर आवाज पण येतो.

जागेचं बघ आता. गच्चीवर जाऊ नकोस, वारा फार लागतो माइकला. गाद्या, कपड्यांचं कपाट असलेली खोली सगळ्यात चांगली, आवाज घुमत नाही. आजीला 'जरा आवाज कमी कर' असं मोघम सांगून उपयोग नाही, साडेअकरा ते बारा असं घड्याळात दाखवून सांग आणि कुकर अकराच्या आत लावून घ्या. वायरचे इअरफोन असतील तर तेच घे, ब्लूटूथचा माइक सुरू झाला की बऱ्याच हेडसेटमधे आवाजाची क्वालिटी उतरते. स्पीकरवर टाकू नकोस. उभी राहून बोल, आवाज मोकळा येतो. आणि सराव आरशासमोर नको, आरशात परत चेहरा दिसतो! भावाला किंवा मैत्रिणीला दुसऱ्या खोलीतून खरा फोन करायला लाव, कॉल रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिल्यांदा ऐकवत नाही आपलाच आवाज, पण आपण कुठे गप्प होतो ते नीट कळतं. बुधवारपर्यंत चार वेळा तरी कर. आणि निकाल काहीही लागला तरी मला कळव, मी वाट बघेन.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. जॉब बदलायचाय. पण कन्सल्टन्सीवाल्यांचे कॉल येतात ते कधीही, मी शॉपफ्लोअरवर असतो, मागे प्रेस चालू, बाजूला सुपरवायझर. कॉल उचलला तर ऐकू येत नाही, नाही उचलला तर परत येत नाही. दुसरं म्हणजे पगार विचारतात लगेच, आधी आकडा सांगावा की नाही? एकदा मी फिफ्टीन पर्सेंट हाइक म्हणालो ते त्यांनी फिफ्टी ऐकलं आणि कॉलच ठेवला.

उत्तर : दादा, कॉल उचला, पण इंटरव्ह्यू देऊ नका. 'मी आत्ता शॉपफ्लोअरवर आहे, नीट बोलायचंय तुमच्याशी, साडेचारनंतर कॉल कराल का किंवा मी करू का', एवढं पंधरा सेकंदांत बोलायचं आणि त्यांचं नाव, कंपनी आणि नंबर विचारून घ्यायचं. वेळ मागितली म्हणून आम्ही कधी कुणाला कापलं नाही. उलट प्रेसच्या आवाजात ओरडत दिलेला इंटरव्ह्यू वाया जातो, आणि आमच्या शीटवर काहीतरी शेरा पडतो तो पुढे पुसला जात नाही.

या शेऱ्यावरून एक गोष्ट सांगायचीच आहे. २०१४-१५ च्या सुमारास एका मुलाला मी फोनवर घेतलं होतं, अगदी हळू बोलत होता, एका शब्दात उत्तरं. मी शीटवर 'लो एनर्जी' लिहिलं आणि पुढे पाठवलं नाही. दोन महिन्यांनी तो दुसऱ्या जागेसाठी आला तेव्हा कळलं की त्या दिवशी त्याचे वडील आयसीयूत होते आणि तो बाहेरच्या पॅसेजमधे उभा राहून बोलत होता, कॉल चुकवायचा नव्हता म्हणून. एक वाक्य बोलला असता तर मी लगेच दुसरा दिवस दिला असता. आणि मी एक प्रश्न विचारला असता, 'आत्ता बोलायला ठीक आहे ना', तरी झालं असतं. त्यानंतर प्रत्येक कॉलची सुरुवात मी त्या प्रश्नाने केली, पण सगळे करत नाहीत, म्हणून तुम्हीच बोला.

फिफ्टीन-फिफ्टीचं झालं त्यात तुमची चूक कमी आणि फोनची जास्त आहे. साध्या जुन्या पद्धतीच्या कॉलमधे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो, स, फ या अक्षरांमधला जो फुसफुसता भाग असतो तो बराचसा त्याच्या वर असतो, तो कापला जातो. एचडी व्हॉइसवर (नव्या पद्धतीच्या जास्त स्पष्ट कॉलवर) सुधारतं, पण दोन्ही बाजूंना ते असेलच असं नाही, त्यात मागे मशीन चालू, मग शेवटचा 'न' हरवला की फिफ्टीनचं फिफ्टी होतं. म्हणून आकडा नेहमी दोनदा, 'फिफ्टीन, वन फाइव्ह'. नोटीस पिरियड 'सिक्स्टी डेज, टू मंथ्स'. ईमेल सांगताना अक्षर सुटं करून, बी फॉर बॉम्बे, पी फॉर पुणे. आणि शेवटी म्हणा, 'एकदा रिपीट करता का'.

पगाराचं. आत्ताचा पगार खोटा सांगू नका, पुढे पेस्लिप आणि बँक स्टेटमेंट मागतातच. अपेक्षित पगार मात्र घाईने सांगायची गरज नाही. 'काम नेमकं काय आहे, किती लाइन, किती माणसं हाताखाली, ते कळलं की सांगतो, तुमचं या जागेचं बजेट काय आहे' असं विचारा, बरेच जण सांगून टाकतात. नाहीच सांगितलं आणि परत विचारलं तर घरून ठरवून आणलेली रेंज सांगा, अंदाजाने नको. आणि हे सीटीसीत (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) बोलताय की इनहँड (हातात येणारा पगार) ते स्पष्ट करा. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ, म्हणजे बेसिकच्या १२ टक्के, ग्रॅच्युइटीची तरतूद, कधी मेडिक्लेमचा हप्ता असं सगळं धरलेलं असतं, त्यामुळे सहा लाख म्हटलं की महिन्याला पन्नास हजार हातात असा हिशोब केला तर पहिल्याच पगाराला धक्का बसतो. 'फिक्स किती, व्हेरिएबल किती' एवढं फोनवरच विचारून घ्या.

प्रश्न : मी डोंबिवलीची, वय ३८, आधी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे आठ वर्षं काम, मग मुलांसाठी सहा वर्षं घरी. आता परत सुरू करतेय. फोनवर सगळं छान चालतं, आणि मग 'गॅप का' आणि 'मुलं कोण सांभाळणार, मिस्टर काय करतात' हे येतं की माझा आवाज पडतो. मी सफाई दिल्यासारखं लांबलचक बोलत बसते, मग स्वतःचाच राग येतो.

उत्तर : राग स्वतःचा नका हो येऊ देऊ. हा प्रश्न पुरुषांना मी कधी विचारलेला ऐकला नाही, आणि मी या खोलीत १६ वर्षं बसलेय. १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्यातच होतं की भरती करताना बाई आहे म्हणून भेदभाव करायचा नाही. तरी प्रश्न येतो, कधी मुद्दाम, बऱ्याचदा सवयीने, आणि फोनवर तुमच्याकडे उत्तर द्यायला काहीच सेकंद असतात, तिथे कायदा सांगत बसणं शक्य नसतं हे मला कळतं.

त्यामुळे उत्तर आधीच लहान करून ठेवा. गॅपसाठी दोन वाक्यं, 'सहा वर्षं मी घरच्या जबाबदारीसाठी थांबले होते. गेल्या आठ महिन्यांपासून सेलेनियम आणि एपीआय टेस्टिंग परत केलंय, हा माझा प्रोजेक्ट आहे.' (सेलेनियम हे टेस्टिंगचं टूल, उदाहरण म्हणून; तुम्ही जे खरं केलंय तेच घाला.) आणि इथे थांबा. तुमची अडचण मला दिसते ती इथेच, की तुम्ही थांबल्यावर पलीकडे शांतता होते आणि ती शांतता तुम्हाला नाराजीची वाटते, म्हणून तुम्ही अजून बोलता, मग सासूबाईंचं येतं, धाकट्याच्या दम्याचं येतं. ती बाई नाराज नसते हो, ती टाइप करत असते! आम्ही एका हाताने फॉर्म भरत असतो. दोन सेकंद जाऊ द्या, आणि फारच लांबलं तर 'अजून काही सांगू का याबद्दल' एवढंच विचारा.

मुलांच्या प्रश्नाला तपशील द्यायचाच नाही. 'घरची सोय झालेली आहे, तुमचे कामाचे तास मला माहीत आहेत आणि ते मला जमतात.' परत विचारलं तर परत तेच, त्याच आवाजात. आणि मग तुम्ही विचारा, ऑफिसला किती दिवस यावं लागतं, शिफ्ट असते का, पाळणाघराची सोय आहे का. मातृत्व लाभाच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते, त्यामुळे हे विचारणं म्हणजे मेहरबानी मागणं नाही. विचारल्यावर पलीकडचा माणूस कसा बोलतो त्यावरून तिथे जायचं की नाही तेही तुम्हाला कळेल. मला मनापासून वाटतं की तुम्ही परत कामाला लागावं, आठ वर्षांचं शिकलेलं कुठे जात नाही.

प्रश्न : जळगाव. व्हॉट्सअॅपवर फोन इंटरव्ह्यू झाला, पाच मिनिटांत सिलेक्ट झालो म्हणाले, आता लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून ३,५०० रुपये भरायला सांगतायत, परत मिळणार म्हणे. भरू का?

उत्तर : नको रे बाबा. नोकरी देणारा पैसे मागत नाही, डिपॉझिट नाही, ट्रेनिंग फी नाही, व्हेरिफिकेशनची फी नाही. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून तिथे फोन कर आणि विचार. आधार, पॅनचे फोटो पाठवले असशील तर पुढचं काहीच पाठवू नकोस, ओटीपी तर अजिबात नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लाव, सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितकं लवकर तितकं पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : ताई मी कोल्हापूरचा, मेकॅनिकल डिप्लोमा. मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. समोर असलो तर लोकांना लगेच समजतं आणि ते थांबतात, पण फोनवर मी अडकलो की पलीकडचा हॅलो म्हणतो, मग जास्तच अडकतो. आतापर्यंत तीन कॉल असेच गेले. सगळ्यात जास्त अडकतो ते स्वतःच्या नावावर. फोनच न उचलता जमेल असा काही मार्ग आहे का?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. स्वतःच्या नावावर अडकणं हे अडखळणाऱ्या खूप जणांना होतं, कारण नावाला बदली शब्दच नसतो, बाकी शब्द आपण फिरवून घेतो. आणि फोन अवघड का जातो ते तूच बरोबर लिहिलंयस, त्या ब्लॉकमधे, म्हणजे शब्द अडकून आवाज बंद होतो तेव्हाही, तू बोलतोच आहेस, पलीकडे ते ऐकू येत नाही इतकंच.

मार्ग आहे, विचारायचं. कॉल ठरला की आदल्या दिवशी मेल टाक, 'मी अडखळत बोलतो, त्यामुळे फोनवर मधे थोडी शांतता येऊ शकते, मी लाइनवरच असेन. शक्य असेल तर व्हिडिओ कॉल किंवा प्रत्यक्ष भेट मला जास्त सोयीची पडेल.' मला असे दोन-तीन मेल आले होते इतक्या वर्षांत, आणि खरं सांगते, मी आभारीच झाले, कारण मला काय करायचं ते कळलं, हॅलो म्हणायचं नाही आणि वाट बघायची. व्हिडिओ नाही म्हणाले तर फोनवरच घे, पण पहिल्याच मिनिटाला हेच वाक्य तोंडी परत सांग. लपवायचं म्हणून जो जोर लागतो ना, तो सांगून टाकल्यावर बराच कमी होतो असं अडखळणारे लोक स्वतःच सांगतात. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन म्हणून त्यांचीच संस्था आहे, त्यांचे मदतगट एकमेकांना फोन करून सराव करतात, त्यात नक्की सामील हो. स्पीच थेरपिस्टकडे जाता आलं तर तेही कर.

ड्रॉइंग वाचणं, मशिनवरचं काम यात तू कसा आहेस ते प्रोजेक्टच्या दोन पानांत लिहून मेलसोबतच जोड, म्हणजे कॉलच्या आधीच त्यांच्या हातात तुझं काम असेल आणि बोलायला विषय तोच निघेल. आणि नावाचं म्हणशील तर कॉल आला की सुरुवातीला तेच तुझं नाव घेऊन विचारतात, 'मी अमुकशीच बोलतोय ना' म्हणून. तिथे 'येस, स्पीकिंग' एवढंच म्हणायचं, नाव त्यांनी आधीच घेतलेलं असतं.